पहिला घास कडू

'कारल्याचे वरण' हा शब्दप्रयोग मराठी कानाला खटकतो. वरण हे आपल्याकडे सात्त्विक अन्न, बाळाच्या पहिल्या भाताचे आणि आजारातून उठलेल्या माणसाचे. कारले मात्र म्हणीतले. तुपात तळले, साखरेत घोळले तरी ते कडूच राहायचे, म्हणजे ज्याला सुधारण्याचे सगळे उपाय थकले असे. ही दोन्ही एका पातेल्यात शिजवावीत आणि त्या अन्नाने जीव निवावा, हे आपल्याला सहजी पटणारे नाही. बंगालमध्ये मात्र ही रोजच्या घरातली, विशेषतः उन्हाळ्यातली डाळ आहे. तिचे नाव 'तेतोर डाल', आणि पूर्व बंगालच्या बोलीत 'तितार डाल'. तेतो म्हणजे तिक्त, कडू. नावात कारल्याचा उल्लेख नाही, फक्त चवीचा आहे. जी चव आपण लपवू पाहतो तिचेच नाव या डाळीला मिळाले आहे.

आम्ही दोघे नागपूरकर, दोघेही मराठीचे अध्यापक. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेमुळे या शहरात बंगाली कुटुंबे येऊन राहिली. आमच्या शेजारच्या काकीमा अशाच एका रेल्वेच्या घरातल्या. त्यांचे माहेर मूळचे बरिसालचे, फाळणीनंतर इकडे आलेले. शरद्‌बाबूंच्या कादंबऱ्या आम्ही मामा वरेरकरांच्या अनुवादातून वाचल्या, तर बंगालचे जेवण काकीमांच्या ओट्याशी उभे राहून वाचले, असे म्हणायला हरकत नाही.

त्यांची रीत अशी. एक वाटी मुगाची डाळ धुऊन हळद-मीठ घालून शिजवायची. उन्हाळ्यात त्या ती भाजत नाहीत. काही घरांत हलकी भाजून घेतात. डाळ अर्धी शिजली की दुधी भोपळ्याच्या फोडी घालायच्या. कारल्याच्या पातळ चकत्या वेगळ्या, मोहरीच्या तेलात कडा तांबूस होईपर्यंत परतून बाजूला ठेवायच्या. त्यांना आधी मीठ चोळून पिळायचे नाही, चिंचगुळात बुडवायचे नाही. डाळ फार घोटायचीही नाही. दाणा मऊ व्हावा, पण ओळखू यावा. मग तेजपान, सुकी मिरची आणि चमचाभर रांधुनी यांची फोडणी, त्यात वाटलेले आले. कारल्याच्या चकत्या अगदी शेवटी डाळीत सोडायच्या आणि दोन-तीन उकळ्या आल्या की उतरवायचे. अधिक उकळले तर सगळी डाळ एकसारखी कडू होते, आणि ते अपेक्षित नाही. डाळ डाळीच्या गोडव्याने राहावी, कडूपणा घासाघासाला भेटावा. वरून चिमूटभर साखर, चमचाभर तूप.

रांधुनी हे ओव्यासारखे दिसणारे बारीक बी. बंगालीत रांधुनी म्हणजे स्वयंपाक करणारी बाईसुद्धा. आपल्या 'रांधणे'चेच हे भावंड. मसाला आणि तो घालणारी यांना एकच शब्द असावा, या योगायोगाकडे आम्हांला पुढे पुन्हा वळावे लागले.

बंगाली जेवणात पदार्थ क्रमाने येतात. आधी कडू, मग डाळ-भाजी, मग मासे, शेवटी चटणी आणि मिठाई. सुश्रुतसंहितेचा क्रम नेमका उलटा आहे: आधी मधुर, मध्ये आंबट-खारट, नंतर उरलेले रस. महाराष्ट्रात आपण पाडव्याला कडुनिंबाचे पान चावतो आणि कडूचे वर्षभराचे देणे एका सकाळी फेडून मोकळे होतो. बंगालने कडूला रोजचे पान मांडले आणि पहिला मान दिला. उकाड्यात मंदावलेली भूक त्याने चाळवते, असे तिथले घरगुती आरोग्यशास्त्र सांगते.

या कडूला वाङ्मयातही मान आहे. कृष्णदास कविराजांच्या 'चैतन्यचरितामृता'त पाणिहाटीच्या राघव पंडितांची बहीण दमयंती येते. पुरीला राहणाऱ्या चैतन्य महाप्रभूंसाठी ती वर्षभर टिकतील असे पदार्थ करून पाठवते, आणि त्यांत वाळवलेली कडू भाजीही असते. कवी वाचकाला बजावतो की या कडूला तुच्छ मानू नका, याने जे सुख होते ते पंचामृतानेही होत नाही. कारण काय, तर दमयंतीच्या मनात महाप्रभू देव नाहीत. जड जेवणाने ज्याचे पोट बिघडेल असे घरचे माणूस आहेत. आम्हांला हा प्रसंग भक्तिवाङ्मयातला फार मोठा वाटतो. कडू देण्याइतकी जवळीक असावी लागते. गोड तर परक्यालाही देता येते.

याचा अनुभव आम्ही घेतला आहे. आमची आई (एकीची आई, दुसऱ्याच्या सासूबाई) एप्रिलमध्ये गेली. तेराव्यानंतर रीतीप्रमाणे गोडाचे जेवण झाले. आप्तांनी आग्रहाने तोंड गोड केले, आता मागचे विसरा म्हणाले, आणि आपापल्या गावी गेले. त्यांच्या मायेविषयी शंका नाही. पण श्रीखंडाचा तो घास घशाखाली उतरत नव्हता. दुसऱ्या दिवशी काकीमा डबा घेऊन आल्या. काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "आधी ही डाळ, भाताबरोबर. बाकीचे मग." त्या दिवशी आम्ही पोटभर जेवलो. ती डाळ आम्हांला काही विसरायला सांगत नव्हती.

हे सारे फार सुंदर वाटते आणि तिथेच सावध व्हायला हवे. ही डाळ काकीमा त्यांच्या पिशीमाकडून, म्हणजे आत्याकडून शिकल्या. पिशीमा बालविधवा. बंगालच्या उच्चवर्णीय विधवेला मासे-मांस वर्ज्य होते, कांदा-लसूण वर्ज्य होता, मसुराची डाळसुद्धा आमिष म्हणून वर्ज्य होती. मूग आणि कारले चालत असे. १८५६ च्या कायद्याने पुनर्विवाहाची वाट उघडली, पण ताट तसेच राहिले. चित्रिता बॅनर्जी यांनी या वंचनेवर इंग्रजीत फार समजून लिहिले आहे. बंगालच्या नावाजलेल्या निरामिष स्वयंपाकातले पुष्कळसे कसब अशा स्त्रियांच्या हातचे आहे.

आम्ही एकदा काकीमांना म्हणालो, "पिशीमांनी आपले दुःख या डाळीत ओतले असणार." अध्यापकांना अशी वाक्ये सुचतात. काकीमांनी झारा खाली ठेवला. "दुःख होते म्हणून डाळ चांगली होत नव्हती. दुःख गल्लीतल्या दहा जणींना होते. पिशीमाला रांधता येत होते. आणि तिला इलिश फार आवडायचा, हेही लिहा."

म्हणून लिहितो आहोत. वेदनेतून साहित्य जन्मते, हे वाक्य आपल्या वर्गांत आणि परीक्षणांत इतके सहज वापरले जाते की त्यात लिहिणाऱ्याचे कसब आणि सोसायला लावणाऱ्यांची जबाबदारी दोन्ही झाकली जातात. चकत्या किती परताव्यात, कोणत्या उकळीला उतरवावे, हे दुःख शिकवत नाही. ते रांधुनी जाणते. आणि जिच्या ताटातून मासा काढून घेतला तिच्या डाळीची वाहवा करून तो मासा परत मिळत नाही.

काकीमा स्वतः विधवा आहेत आणि मासे खातात. आधी तितार डाल, मग मासा.