दिवसा लाईट द्या

डिक्शनरीत ‘लाईट’चे मुख्य अर्थ दोन: प्रकाश आणि हलकं. आमच्या खानदेशात लाईट म्हणजे वीज. पंखा लाईटवर फिरतो, मोबाईल लाईटवर चार्ज होतो, गिरणीवाला लाईट असली तरच दळण घेतो. इंग्रजीत या शब्दाला लिंग नाही. आपल्याकडे मात्र ती येते, जाते, झटके देते. माझ्या आईचं माहेर धुळे जिल्ह्यात, साक्रीकडे. तिकडच्या अहिराणीत ती पाहुणीसारखी येते: “लाईट उनी!”

शेतात हा अर्थ आणखी बारीक होतो. घरातला बल्ब सिंगल फेजवर लागतो, विहिरीवरच्या मोटरला थ्री फेज लागते. म्हणून घरात बल्ब चालू असतानाही माझे वडील म्हणतात, “लाईट नाहीये.”

जळगाव जिल्ह्यात यावल तालुक्यात आमची केळी आहे. थ्री फेजचं वेळापत्रक असतं. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की वडील बॅटरी आणि काठी घेऊन निघतात. मोटरला ऑटो बसवलाय, ती आपोआप सुरू होते. पण ठिबकचे व्हॉल्व्ह बदलायला माणूसच लागतो. केळीच्या बागेत रात्री दोन हातांवरचं दिसत नाही. पायाखाली साप असू शकतो, आणि बिबट्याच्या बातम्या तर आपण रोज वाचतो. लाईट येते ती अशी, काळोखात.

मित्र म्हणतात, “लाईट घे ना भाऊ.” म्हणजे मनावर घेऊ नको. डिक्शनरीतला दुसरा अर्थ. दिवसाच्या पाळीत घेतोही. रात्रीच्या पाळीत वडिलांचा फोन लागेपर्यंत झोप येत नाही.

गंमत म्हणजे लाईट आमच्या शेजारीच तयार होते. तापीपलीकडे, भुसावळजवळ, औष्णिक वीज केंद्र आहे. 500 मेगावॉटचे दोन संच. गावाचं नाव दीपनगर. आणि आईच्या माहेरी साक्री तालुक्यात, शिवाजीनगरला, 2013 पासून 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. तिथे शब्दाचे दोन अर्थ एकमेकांना भेटतात: सूर्याच्या लाईटपासून लाईट.

शेतकऱ्यांची मागणी जुनीच आहे: “दिवसा लाईट द्या.” इंग्रजीत शब्दशः सांगितलं तर ऐकणारा हसेल. दिवसा कशाला हवा उजेड? आमच्याकडे हे वाक्य ऐकून कुणी हसत नाही.