द्राक्षबागेची टिपणं आणि जुना फॉन्ट

तासगाव तालुक्यातल्या आमच्या मामांनी बाग लावली, त्याच वर्षी तिची टिपणंही ठेवायला सुरुवात केली. छाटणीची तारीख, पाऊस, दव, कोणत्या दिवशी काय फवारलं, घड किती जिरले, बेदाणा किती निघाला आणि काय भावानं गेला, हे सगळं वहीत असे. पुढे आजूबाजूचे बागायतदार त्या वह्या मागून नेऊ लागले. तेव्हा २००२ च्या सुमारास मामांनी निवडक मजकूर तालुक्याच्या गावी एका डीटीपी सेंटरमध्ये कंपोज करून घेतला. छोटी पुस्तिका काढायचा बेत होता. पण पाण्याची ओढ लागली, बाग टँकरच्या पाण्यावर जगवावी लागली, पैसा तिकडे गेला आणि पुस्तिका राहिली. काही वह्या वाचायला नेलेल्यांकडेच राहून गेल्या. हाती उरली ती एक सीडी आणि तिच्यातल्या पेजमेकरच्या फाइली.

आता बाग माझा मामेभाऊ बघतो; मामांना तो आप्पा म्हणतो. तो एकदा फोनवर म्हणाला, "ताई, आप्पांचं ते लिहिलेलं मोबाइलवर येईल असं कर की. छाटणी झाली आणि पाऊस लागला, तर त्या वेळी त्यांनी काय केलं होतं, हे मला बागेत उभं राहून शोधता आलं पाहिजे." मी पुण्यात हिशेबाच्या कामात आहे. दिवसभर एक्सेल असतं आणि वेळखाऊ कामं आपोआप व्हावीत म्हणून थोडं पायथन शिकले आहे. मामांच्या टिपणांना माझा काही उपयोग होईल, या विचारानंच मला उत्साह आला. मी त्याला सीडी पाठवायला सांगितली.

माझ्या लॅपटॉपला सीडीचा कप्पा नाही, म्हणून यूएसबीला जोडायचा ड्राइव्ह एका सहकाऱ्याकडून आणला. सीडी व्यवस्थित वाचली गेली. पेजमेकर माझ्याकडे नव्हतं, पण लिब्रेऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर पेजमेकरच्या जुन्या फाइली उघडतं. पान उघडलं, तर त्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम आणि प्रश्नचिन्हं यांचा नुसता खच. मजकूर कृतिदेव या फॉन्टमध्ये होता आणि तो फॉन्ट माझ्या यंत्रावर नव्हता. तो बसवल्याबरोबर पानभर मराठी उमटली. ऑक्टोबर छाटणी, काडीची जाडी, सबकेन, बोदावरचं पाणी असे सगळे शब्द नीट दिसू लागले.

मग शोधाच्या चौकटीत मी 'डावणी' असं टाइप केलं. द्राक्षबागेत सगळ्यात जास्त धास्ती असते ती याच रोगाची. समोरच्या पानावर तो शब्द दिसत होता, तरी उत्तर आलं, काही सापडलं नाही. कारण त्या फाइलमध्ये मराठीचं एकही अक्षर नव्हतं.

कृतिदेवसारख्या फॉन्टची रचना समजून घेतली की हे का होतं ते कळतं. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रं बसवलेली असतात. 'डी' दाबलं की क दिसतो, 'के' दाबलं की काना दिसतो. लहान 'ई', 'जे', 'के', मोठा 'बी' आणि लहान 'एच' ही पाच अक्षरं ओळीनं ठेवली की पडद्यावर 'मराठी' असं दिसतं. संगणकाच्या लेखी मात्र ती पाच इंग्रजी अक्षरंच असतात. फॉन्ट आहे तोवर डोळ्यांना मराठी दिसते. फाइल फोनवर पाठवली, ईमेलमध्ये चिकटवली किंवा शोधायला घेतली, की मराठी नाहीशी होते.

हे असं का केलं गेलं, याचीही कारणं आहेत आणि त्या काळच्या लोकांबद्दल मला आदर वाटतो. तेव्हाच्या फॉन्टमध्ये जेमतेम २५६ जागा असत. देवनागरीतली सगळी जोडाक्षरं त्यात मावणं शक्य नव्हतं, म्हणून अक्षरांचे तुकडे पाडून ते जागोजागी बसवले गेले. कृतिदेवची मांडणी रेमिंग्टन टाइपरायटरवर बेतलेली आहे. त्यामुळे कोर्टाबाहेर आणि कचेऱ्यांत टंकलेखन करणाऱ्यांना नवं काही न शिकता संगणकावर बसता आलं. दरम्यान प्रमाणीकरणाचं कामही चालू होतं. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक १९९१ साली ठरलं. त्याच वर्षी जगभरच्या लिप्यांसाठी असलेल्या युनिकोड या मानकाची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरीला १२८ स्वतंत्र जागा मिळाल्या. विंडोजमध्ये युनिकोड देवनागरीची सोय विंडोज २००० पासून आली. पण गावोगावच्या डीटीपीवाल्यांचं काम पेजमेकर आणि कोरलमध्ये चाले आणि तिथे युनिकोड मराठी चालत नसे. लग्नपत्रिका, अहवाल, दिवाळी अंक वेळेत द्यायचे होते. मामांचा मजकूर ज्यानं कंपोज केला, त्यानं त्याला मिळालेल्या साधनांत चोख काम केलं होतं.

आता ते तुकडे पुन्हा अक्षरांत आणायचे होते. इंटरनेटवर यासाठी तयार परिवर्तक मिळतात. त्यातला एक मी वापरून पाहिला. ढोबळ मजकूर चांगला आला, पण औषधांची नावं आणि प्रमाणं बिघडली. म्हणून मी स्वतःचा तक्ता करायला घेतला. एका रकान्यात जुनं चिन्ह आणि शेजारी युनिकोड अक्षर.

यात क्रमाला फार महत्त्व आहे. कृतिदेवमध्ये भ हे एक चिन्ह नाही. अर्धा भ आणि काना मिळून तो होतो. ख, घ, ध, ण, श, ष यांचंही तसंच. आधी सगळे काने बदलून टाकले तर हे सारे वर्ण मोडतात, म्हणून जोडीची चिन्हं आधी बदलायची आणि सुटा काना त्यानंतर. दुसरी गोष्ट ऱ्हस्व वेलांटीची. ती कागदावर अक्षराच्या डावीकडे दिसते, म्हणून टाइपरायटरवर अक्षराआधी दाबली जाई आणि जुन्या फाइलमध्येही आधीच येते. युनिकोडमध्ये मात्र उच्चाराचा क्रम असतो, आधी व्यंजन आणि मग वेलांटी. तेव्हा प्रत्येक ऱ्हस्व वेलांटी उचलून अक्षरामागे न्यायची, आणि पुढे जोडाक्षर असेल तर अख्ख्या जोडाक्षरामागे. रफाराचं बरोबर उलट. 'कर्म' लिहिताना तो म नंतर दाबलेला असतो. तो म च्या आधी आणून र आणि हलंत असा ठेवावा लागतो. हे नियम पायथनमध्ये एकेक करून लिहिताना आपली लिपी किती शिस्तीची आहे, ते मला नव्यानं दिसलं. शाळेत पाटीवर गिरवलेली बाराखडी त्या नियमांमागे उभी होती.

खरा घोर होता तो आकड्यांचा. कृतिदेवमध्ये पूर्णविराम आडव्या रेघेच्या कळीवर आहे आणि पूर्णविरामाच्या कळीवर अर्धा ण आहे. म्हणजे '०.५ टक्के बोर्डो' असं छापील दिसणारं वाक्य नुसतं उचलून चिकटवलं, तर '०-५' होतं. वाचणारा ते शून्य ते पाच असं वाचेल. एक टक्का बोर्डो म्हणजे शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. अर्धा टक्का म्हणजे त्याच्या निम्मं. कोवळ्या फुटीवर चुकीचं प्रमाण गेलं तर पानं करपतात. त्यात भर म्हणजे कीडनाशकांची नावं मूळ फाइलमध्ये इंग्रजी फॉन्टमध्ये होती. सगळ्या मजकुराला एकच तक्ता लावला की त्या नावांची अर्थहीन मराठी होई आणि त्यांच्यातल्या दशांश चिन्हाच्या जागी अर्धा ण येई.

उपाय फाइलमध्येच होता. कोणता तुकडा कोणत्या फॉन्टमध्ये आहे, ही माहिती लिब्रेऑफिस जपून ठेवतं. साधा मजकूर म्हणून साठवलं तर ती जाते, म्हणून मी फाइल ती माहिती टिकून राहील अशा स्वरूपात साठवली आणि फक्त कृतिदेवच्या तुकड्यांनाच तक्ता लावला. तरीही प्रत्येक प्रमाण माणसाच्या नजरेखालून जायलाच हवं होतं, आणि तो माणूस एकच होता.

उन्हाळ्यात मी मामांकडे गेले. एप्रिलची खरड छाटणी उरकली होती. मामांना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मी वाचायचं आणि त्यांनी ऐकायचं असं ठरलं. मी म्हणाले, "मामा, चुकलं की थांबवा." ते म्हणाले, "अक्षर तुझं यंत्र बघंल. आकडा मी बघतो." आणि त्यांनी बघितलाच. जीएच्या (जिबरेलिक आम्लाच्या) द्रावणाचं प्रमाण, घड बुडवायचे दिवस, पेस्ट लावायची वेळ, सगळं ऐकून ते मान हलवत. जिथे कंपोज करतानाच चूक झाली होती, तिथे थांबवून बरोबर आकडा सांगत. काही ठिकाणी तर मजकुरात नसलेलं कारणही सांगत. अमुक वर्षी फवारणी दोन दिवस का लांबली, तर गावात वीज नव्हती. तमुक साली बोर्डो हलकं का घेतलं, तर फूट कोवळी होती आणि आभाळ भरलेलं होतं. मामेभाऊ शेजारी बसून ही कारणं फोनवर बोलून मराठीत उतरवून घेत होता. आम्ही ती ज्या त्या नोंदीखाली वेगळ्या रंगात घातली.

शेवटची अडचण शोधाची होती. 'वाऱ्याची दिशा' आणि 'सऱ्या' यांतला अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो. दिसायला दोन्ही सारखे, पण संगणकाच्या लेखी वेगळे. फोनचा कळफलक एक रीत वापरतो आणि माझ्या तक्त्यात दुसरी होती, म्हणून 'वाऱ्या' शोधलं तर काहीच येईना. मी सगळीकडे फोनची रीत केली. मामांनी डावणी कुठे 'डावणी', कुठे 'डाऊनी', तर कुठे नुसतं 'करपट डाग' असं लिहिलं होतं. त्यांचे शब्द आम्ही बदलले नाहीत. प्रत्येक नोंदीच्या शेवटी रोगाचं एकच ठरावीक नाव जोडलं, म्हणजे त्या नावानं सगळ्या नोंदी सापडतात.

ऑक्टोबर छाटणीनंतर परतीचा पाऊस आला, तेव्हा मामेभावानं बागेतूनच फोनवर 'डावणी' शोधलं. वेगवेगळ्या वर्षांच्या नोंदी एकाखाली एक आल्या. पावसानंतर किती तासांनी पानं वाळली, आधी काय फवारलं, त्याचा गुण आला की नाही. औषधं आता बदलली आहेत, काही बंदही झाली आहेत, म्हणून औषधाचं नाव तो कृषी अधिकाऱ्यांना विचारूनच ठरवतो. पण आपल्या जमिनीत पाणी किती वेळ साचतं, कोणत्या कोपऱ्यात दव जास्त राहतं, रोग आधी कुठे दिसतो, हे दुसरा कुणी सांगू शकत नाही. त्यानं ती फाइल शिवेवरच्या दोघा-तिघा बागायतदारांनाही व्हॉट्सअॅपवर दिली. पुस्तिका काढण्यामागे मामांचा हेतू हाच होता.

या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. शोधता येत नसलेली मराठी फाइल नुसत्या फोटोइतकीच उपयोगाची असते. जतन करायचं तर मजकूर युनिकोडमध्ये आणायला हवा, आणि एखाद्या विशिष्ट सॉफ्टवेअरवर अवलंबून न राहणाऱ्या साध्या स्वरूपातही त्याची एक प्रत ठेवायला हवी. अशा सीड्या आणि पेन ड्राइव्ह आपल्याकडे असंख्य ठिकाणी पडून आहेत. पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका, गावच्या देवस्थानचे हिशेब, कुणाचं न छापलेलं आत्मचरित्र. ते काढा. मूळ फाइल न बदलता तिची नक्कल करा, फॉन्टचं नाव लिहून ठेवा आणि मग रूपांतराला हात घाला. जिथे आकडे, नावं आणि तारखा आहेत, तिथे ज्यानं लिहिलं त्याला किंवा त्याच्या जवळच्या माणसाला शेजारी बसवून वाचून दाखवा. अक्षरांचा तक्ता पुढच्या वर्षीही करता येईल. आकडा बरोबर आहे की नाही हे सांगू शकणारा माणूस आज आपल्यात आहे, तोवर हे काम उरकून घ्या.