फेस कपड्यांना, फिल्मला नव्हे!

मैत्रिणींनो, फेस दिसला की आपल्याला बरे वाटते. कपडे असोत की भांडी, भरपूर फेस आला म्हणजे काम चोख झाले, असा आपला समज. पण कृष्णधवल फिल्म घरी धुणाऱ्यांना विचारा! फेस म्हणजे त्यांची डोकेदुखी.

माझ्या लेकीने हा छंद धरला आणि कुणीतरी वापरलेला जुना टँक विकत आणला. पहिल्याच रोलच्या फोटोंवर काळसर गोल ठिपके! डेव्हलपर ओतून काढताना पाहिले, तर ताकावर यावा तसा फेस. पुढचा रोल होता सासूबाईंच्या शेवटच्या दिवाळीचा. त्या आता नाहीत. ते ३६ फोटो पुन्हा कुठून काढणार? मी म्हटले, "आधी फेसाचे मूळ शोधू, मग त्या रोलला हात लाव."

मूळ निघाले साबणासारखेच. सुकताना फिल्मवर पाण्याचे डाग पडू नयेत म्हणून शेवटच्या पाण्यात वेटिंग एजंट घालतात. फिल्म रिळावर असतानाच तो घातला, की रिळाच्या खाचांत वाळून बसतो आणि पुढच्या वेळी डेव्हलपरमध्ये फसफसतो. बुडबुडा चिकटला तेथे डेव्हलपर पोचत नाही. निगेटिव्हवर ती जागा फिकी राहते आणि फोटोत काळी उमटते.

उपाय अगदी घरगुती. रीळ, टँक आणि टोपण गरम पाण्यात भिजवा, जुन्या टूथब्रशने खाचा घासा. साबण मात्र नको. मग टँकमध्ये नुसते पाणी भरून हलवून बघा. फेस आला तर पुन्हा धुवा. रीळ खडखडीत वाळू द्या, कारण ओलसर प्लॅस्टिकच्या रिळावर फिल्म अडकते.

डेव्हलपर टँकवर लिहिलेल्या मापाइतका भरा, नाहीतर फिल्मची वरची कड फेसातच राहते. टँक ताक घुसळल्यासारखा हलवू नका. हळूच उलटासुलटा करा आणि खाली ठेवताना ओट्यावर दोनदा ठोका, बुडबुडे सुटतात. आम्ही असेच केले. सासूबाई चकल्या पाडताहेत, आणि चेहऱ्यावर ठिपका एकच, गालावरचा तीळ!

आता वेटिंग एजंटचे. फिल्म रिळावरून काढून मगच ती वेगळ्या भांड्यात त्यात बुडवा. फोटो-फ्लो २०० असेल तर अर्धा लिटर पाण्याला अडीच मिलिलिटर पुरे. ते भांडे पुन्हा स्वयंपाकात आणायचे नाही, बरं का!

तुमच्याही कपाटात एखादा न धुतलेला रोल पडला असेल. घरी धुवायचा झाला, तर पहिला प्रयोग त्याच्यावर नको. आधी गॅलरीतल्या तुळशीचा एक रोल काढा, तो धुऊन बघा. माणसांचा रोल हात बसल्यावर.