पाण्याची वाटी आधी उचल

चि. मुक्ता,


तुझा व्हॉइस मेसेज रात्री ऐकला आणि सकाळी उठून पुन्हा ऐकला. फोन केला असता तर मी चिडून बोलले असते आणि तू नुसतं ‘हो मावशी, हो मावशी’ करत राहिली असतीस, म्हणून लिहायला बसले. नखांवरचं जेल चौथ्या दिवशी का सुटतं, एवढंच तुला विचारायचं होतं. पण विचारता विचारता तू जे सांगून गेलीस, त्यानं माझी झोप उडाली.

साखरपुड्याच्या मुलीचं जेल कोपऱ्यातून उचललं गेलं होतं आणि तू ते ग्लू घालून दाबून बसवलंस. वर म्हणतेस, कुणाला कळलंसुद्धा नाही. मुक्ता, हे पुन्हा कधीही करायचं नाही. जेल उचललं की खाली फट पडते आणि चार दिवसांच्या धुण्याभांड्यांचं पाणी त्या फटीत शिरलेलं असतं. तू वरून तोंड बंद केलंस की ते आतच कोंडतं. अशा ओलाव्यात स्यूडोमोनास नावाचे जंतू वाढतात आणि नख हिरवं पडतं. हिरवट डाग दिसला तर वरचं सगळं उतरवायचं, नख मोकळं आणि कोरडं ठेवायचं आणि डॉक्टरला दाखवायला सांगायचं. गडद शेड लावून झाकायचं नाही. त्या मुलीला आजच फोन करून बोलावून घे आणि एक पैसा न घेता ते जेल काढून दे. नाराज झाली तर होऊ दे.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. जेल धरत नाही म्हणून तू ड्रिल जोरात फिरवायला लागलीस, प्रायमर दोनदा लावायला लागलीस. तुझ्या आईचंही असंच, झाकण निघेना की बरणीच आपटायची. अगं, जेल टिकणार की नाही हे जेलची बाटली उघडायच्या आधीच ठरलेलं असतं. माझ्याकडे शिकायला आलेल्या प्रत्येक मुलीच्या कानीकपाळी मी हे ओरडत आले. तूही ऐकलं आहेस, पण तेव्हा तुझं लक्ष नेल आर्टच्या ब्रशांकडे होतं.

सगळ्यात आधी टेबलावरची ती कोमट पाण्याची वाटी उचल. तू मॅनिक्युअरसारखी बोटं भिजवतेस, कातडी मऊ झाली की ढकलतेस, टॉवेलनं पुसतेस आणि लगेच बेस कोट लावतेस. नख वरून कोरडं दिसतं, पण ते केरॅटिनच्या पापुद्र्यांचं असतं आणि त्या पापुद्र्यांत पाणी मुरलेलं असतं. पाण्यानं नख किंचित फुगतं आणि सपाट होतं. कस्टमर घरी गेली, नख वाळलं, की ते पुन्हा मूळच्या वळणावर येतं. जेल मात्र तुझ्या लॅम्पखाली जसं कडक झालं तसंच राहतं. मग कड सुटणार नाही तर काय होणार? भिजवायचंच असेल तर ते काम वेगळ्या दिवशी. जेलच्या दिवशी सगळं कोरडं.

मग क्यूटिकल. नखाच्या मुळाशी कातडीची जी जिवंत घडी दिसते, ती कापायची नाही. आपल्याला काढायचा असतो तो तिच्याखालून नखावर सरकत आलेला मेलेला पापुद्रा. तो इतका पातळ असतो की समोरून दिसतच नाही. पुशरनं हळू मागे सारून झालं की बफर फिरव आणि बोट खिडकीपाशी नेऊन तिरपं धर. जिथं नख मॅट दिसतं तिथं जेल धरेल. जिथं बारीकशी चकाकी राहिली, तिथं एक तर पापुद्रा आहे, नाही तर तुझा बफर पोचलेला नाही. ही चकाकी बहुतेक वेळा दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांत असते. आणि तुझं सगळं लिफ्टिंग कोपऱ्यांतूनच सुरू होतं, असं तूच म्हणालीस ना?

बफर १८० किंवा २४० ग्रिटचा घे आणि फक्त चमक जाईपर्यंत फिरव, हात हलका ठेवून. ड्रिलचा नाद नैसर्गिक नखावर करूच नकोस. त्यानं लाल कडी उमटते, नख पातळ होतं, आणि पातळ नख वाकतं. वरचं जेल तेवढं वाकत नाही, म्हणून ते आणखी लवकर निघतं. मग तू आणखी घासणार. लॅम्पमध्ये हात घातल्यावर बाई ‘भाजतंय’ म्हणून हात ओढते, त्यालाही पातळ झालेलं नख हे एक कारण असतं.

धूळ झटकली, डिहायड्रेटर लावलं की त्या नखाला कुणाचंही बोट लागता कामा नये. आपल्याकडच्या बायका डोक्याला खोबरेल लावून येतात आणि बोलता बोलता बट कानामागे सारतात. झालं, तेल नखावर आलं. पुन्हा पुसायचं. हँडक्रीम, क्यूटिकल ऑइल हे सगळं काम संपल्यावर. प्रायमर अगदी पुसट. पहिला बेस कोट पातळ, कातडीपासून केसभर अंतर सोडून. कातडीला लागलाच तर लॅम्पमध्ये घालण्याआधी काडीनं साफ करायचा, कारण एकदा तो कातडीवर घट्ट झाला की तिथूनच कड उचलली जाते. नखाच्या टोकाच्या कडेवरूनही ब्रश फिरवायचा. आणि अंगठे वेगळे क्युअर करायचे. चार बोटांबरोबर अंगठा आत घातला की तो आडवा पडतो आणि त्याच्या एका बाजूला उजेड पोचत नाही.

तू ‘अर्ध्या तासात जेल’ असा बोर्ड लावला आहेस. तो काढ. माझं मत तुला आवडणार नाही, पण आपल्या धंद्याची वाट या घाईनं लावली आहे. फोटो निघतो तो शेवटच्या टॉप कोटचा, म्हणून सगळ्यांचा जीव तिथंच. आधीच्या तयारीच्या पंधरा मिनिटांत कुणाचा फोटो निघत नाही, म्हणून ती पंधरा मिनिटं सगळे खातात. बाईचा हात हातात घेतला की आधी तो नीट बघायचा. ही भांडी घासते का, पोहायला जाते का, नखं आधीच कुणी घासून ठेवलीत का, मागचं जेल हिनं दातांनी ओढून तर काढलं नाही ना. नखं महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतात. जेल पुढे सरकतं, भार टोकाकडे जातो, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी रिफिलला यायलाच हवं. हे ती दाराबाहेर पडायच्या आधी सांगायचं. हातमोजे घालून भांडी घासायला सांगायचं. ज्या बाईला रोज स्वयंपाकघरात उभं राहायचंय तिला लांब एक्स्टेंशन देऊ नकोस, तिनं मागितलं तरी.

हे सगळं शिकता येईल, त्याची मला काळजी नाही. काळजी आहे ती मेसेजच्या शेवटी तू घाईत बोलून गेलीस त्याची. ‘बोटांची टोकं जरा सोलवटलीत, खाज येते, काही नाही गं.’  आपल्या शैलालाही अशाच खाजेपायी हे काम सोडावं लागलं, ते तू डोळ्यांनी पाहिलंस.

जेल कडक होण्याआधी त्यात ॲक्रिलेट असतात. लेबलवर ‘हेमा’ लिहिलेलं असतं तो त्यातलाच एक. ओलं किंवा अर्धवट क्युअर झालेलं जेल पुन्हा पुन्हा कातडीला लागलं की ॲलर्जी जडू शकते, आणि एकदा जडली की ती सहसा जन्मभर राहते. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संघटनेनं २०१२ साली ॲक्रिलेटना त्या वर्षीचा ॲलर्जन म्हणून जाहीर केलं होतं. युरोपनं २०२०च्या नियमानं हेमा असलेली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिकांसाठी राखून ठेवली. हेमा दातांच्या फिलिंगसाठी लागणाऱ्या बाँडिंगमध्येही असतं. म्हणजे उद्या तुला दातांच्या डॉक्टरकडेही आधी सांगावं लागेल.

तू जेलवरचा चिकट थर बोटानं पुसतेस, मी पाहिलं आहे. लॅम्प कोणता आहे तेही तू सांगत नाहीस. निळा-जांभळा उजेड पडतो म्हणजे जेल आतपर्यंत कडक झालं, असं होत नाही. लॅम्प त्या जेलला जुळणारा हवा, जेलच्या कंपनीनं सांगितलेला हवा. कमी पडला तर जेल वरून टणक आणि खाली कच्चं राहतं. ते सुटतंही लवकर, आणि फाइल करताना त्याची कच्ची धूळ तुझ्याच बोटांवर बसते. तुझं चौथ्या दिवसाचं लिफ्टिंग आणि तुझी खाज एकाच ठिकाणाहून येत असेल, या विचारानं मी रात्री जागी होते.

त्वचारोगतज्ज्ञाची वेळ घे. पॅच टेस्टबद्दल विचार आणि जाताना बेस कोट, टॉप कोट, प्रायमर यांच्या बाटल्या सोबत ने. तोवर जेलचं काम बंद. स्वस्तातल्या लॅटेक्सच्या ग्लोव्हजवर विसंबू नकोस, ॲक्रिलेट त्यातून लवकर आरपार जातात. नायट्राइलचे बरे, पण तेही सारखे बदलावे लागतात, आणि ॲलर्जी असेल तर नुसते ग्लोव्हज घालून काम चालू ठेवता येणार नाही. दुकानाच्या भाड्याची चिंता आहे हे मला ठाऊक आहे. या महिन्याचं मी बघते, आईला सांगू नकोस. मेंदी आणि हेअर स्टाइलची कामं घे, तुझा हात त्यातही चांगला आहे.

तुझी,
मावशी

ता. क. बोटांचे फोटो दिवसाउजेडी काढून पाठव, फिल्टर न लावता. आणि लॅम्पच्या तळाशी जे लेबल आहे त्याचाही एक.