गाडीवर मांडलेला संसार

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. उत्तरेच्या हद्दीवर गोदावरी आहे, मधून बालाघाटाची रांग गेलेली आहे आणि डोंगरपट्ट्यातली हलकी जमीन पावसाच्या भरवशावर आहे. तरीही वर्षातले पाच-सहा महिने घर बरोबर घेऊन फिरणारी लाखो माणसे याच जिल्ह्यात राहतात. कोकणकिनाऱ्यावर नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात उतरतात, तशा धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार इथल्या वाड्या-तांड्यांवरून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या गाड्या निघतात. होडीवर बहुधा पुरुषच जातात. इथे मात्र नवरा, बायको, तान्ही मुले आणि बैल असे सगळे घरच निघते.

या प्रवासाची सुरुवात खरे तर पावसाळ्यातच होते. मजुरांची टोळी जमवणारा मुकादम गावात येतो आणि येत्या हंगामाची उचल देतो. उचल म्हणजे पुढे करायच्या कामाची आगाऊ रक्कम. लग्न, दवाखाना, घराचे पत्रे किंवा पेरणी यांत ती निघण्याआधीच खर्च झालेली असते. ती एका माणसाला मिळत नाही, ‘कोयत्या’ला मिळते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता धरला जातो. व्यवहार मुकादम आणि घरातला पुरुष यांच्यात ठरतो, पैसेही बहुतेक वेळा त्याच्याच हातात पडतात. बाई दिवसभर त्याच्याइतकेच राबते, पण हिशेबाच्या वहीत तिचे वेगळे नाव नसते. या साऱ्या व्यवस्थेतला सर्वात मोठा अन्याय इथेच आहे, आणि तो इतका सवयीचा झाला आहे की तो कुणाला खटकतही नाही.

गाडी भरण्याचीही एक रीत आहे. ज्वारी-बाजरीची पोती तळाशी जातात. त्यांवर भांडी, हंडे, अंथरूण-पांघरूण, तळावर राहायच्या कोपीसाठी, म्हणजे झोपडीसाठी, बांबू आणि चटया, कोयते, आणि कडेला बांधलेली शेळी किंवा खुराड्यातल्या कोंबड्या. हल्ली लांबचा पल्ला ट्रक किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून होतो. बैल आणि बैलगाड्याही ट्रकवरच चढवतात, आणि दोन-तीन कुटुंबे सामानाच्या ढिगावर बसून रात्रभर प्रवास करतात. वाटा ठरलेल्या आहेत: अहिल्यानगर, पुणे, सोलापूर, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि पुढे कर्नाटकातला बेळगावचा पट्टा. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना 1950 च्या सुमारास सुरू झाला आणि त्यानंतरच्या दशकांत पश्चिम महाराष्ट्रात कारखाने वाढत गेले. तोडीला माणसे लागली, ती दुष्काळी भागातून आली. 1972 च्या दुष्काळाने हा ओघ आणखी वाढवला.

कारखान्याजवळच्या मोकळ्या रानात तळ पडतो. बांबू वाकवून, वर चटई, पाचट किंवा प्लास्टिकचा कागद टाकून कोपी उभी राहते. आत ताठ उभे राहता येत नाही. दार नाही, वीज बहुतेक ठिकाणी नाही, पाणी लांबून आणायचे आणि शौचालयासाठी अंधाराची वाट पाहायची. बैल मात्र कोपीला लागूनच बांधलेले असतात, कारण रोजची कमाई त्यांच्यावर चालते. मजुरांचे गटही गाडीवरूनच पडतात: ज्यांच्याकडे स्वतःची बैलगाडी असते ते ‘गाडी सेंटर’ला, टायरची गाडी घेतलेले ‘टायर सेंटर’ला, आणि काहीच नसलेले ‘डोकी सेंटर’ला. डोकी सेंटरवाल्यांना मोळ्या डोक्यावरून वाहून ट्रक भरावा लागतो.

कामाची वेळ घड्याळावर नसते. तोडलेल्या उसाचे वजन आणि त्यातली साखर तासागणिक घटते, म्हणून तो लवकरात लवकर, शक्यतो चोवीस तासांत, गाळपाला जावा लागतो. ट्रक रात्री दोनला आला तर रात्री दोनला भरायचा. बाई पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापते आणि उजाडण्याआधी फडात पोहोचते. पुरुष ऊस तोडतो, ती पाचट काढून मोळ्या बांधते आणि उचलते. फडाच्या बांधावर साडीच्या झोळीत मूल झोपलेले असते. मोठी बहीण असेल तर ते तिच्याकडे, आणि मग तिची शाळा सुटते. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, बैलांना घालायचे, उरलेले विकून मीठ-मिरचीचे पैसे करायचे. एक जोडी दिवसाला साधारण दीड ते दोन टन ऊस तोडते. जानेवारी 2024 मध्ये झालेल्या करारात तोडणीचा दर टनाला 273 रुपयांवरून 366 रुपये झाला.

या श्रमाची खूण बायकांच्या शरीरावर उरते. 2019 मध्ये बीडमधल्या ऊसतोड करणाऱ्या 82,309 बायकांची पाहणी झाली, तेव्हा 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीत सुट्टी नाही, खाडा केला तर पैसे कापले जातात, आणि फडावर ना आडोसा ना पाणी. दुखणे वाढले की शस्त्रक्रियेचा सल्ला मिळतो. त्या शस्त्रक्रियेसाठी पुन्हा उचल घ्यावी लागते. आकडा बाहेर आला तेव्हा राज्यभर धक्का बसला, पण फडातली परिस्थिती आधीही लपलेली नव्हती.

सरकारी सोयी एका जागी राहणाऱ्या माणसासाठी आखलेल्या असतात. मतदारयादी, अंगणवाडीतला आहार, बाळाची लस, शाळेचा पट हे सारे गावात, आणि कुटुंब तीनशे किलोमीटर दूर. हे अंतर भरण्यासाठी कारखान्यांजवळ साखरशाळा निघाल्या, बीडमध्ये गावातच मुलांना ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहे चालवली गेली. जिथे आजी-आजोबा आणि वसतिगृह दोन्ही धड आहेत, तिथे मुले खरोखर शिकतात. जिथे वसतिगृह उशिरा उघडते, तिथे मूल तोवर गाडीवर चढून निघून गेलेले असते. त्यामुळे दिवाळीपूर्वीचा एक आठवडा या योजनेसाठी पैशांपेक्षाही मोलाचा ठरतो.

मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे गाळप संपते. कोप्या मोडल्या जातात, बांबू बांधले जातात, आणि निघण्याआधी मुकादमाकडे हिशेब होतो. तोडलेल्या टनांची मजुरी उचलीपेक्षा जास्त भरली तर फरक हातात येतो. कमी भरली, बैल मेला किंवा आजारपणात पंधरवडा गेला, तर बाकी कोयत्याच्या नावावर पुढच्या हंगामात जाते, आणि ती फिटेपर्यंत त्या जोडीला त्याच मुकादमाबरोबर जावे लागते.