हजीऱ्याच्या धक्क्यावरून घरी आलेला सीडी प्लेअर

मराठी माणसाला सुरत ठाऊक असते ती शिवछत्रपतींच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्यांमुळे. पण सुरतेत एवढे धन ज्या वाटेने येत होते, ती वाट पाहायला सहसा कोणी जात नाही. तापी समुद्राला मिळते तिथे हजीरा, आणि त्याच किनाऱ्यावर पुढे सुवाली. मोठी गलबते सुवालीच्या बाऱ्यात नांगर टाकीत आणि तिथून माल शहराकडे जाई. १६१२ साली इंग्रजांनी पोर्तुगीजांना हरवले तेही इथेच. डचांचीही सुरतेत वखार होती.

बेळगावहून मिरज, पुणे, वसई करीत सुरतेला उतरायचे आणि तिथून पाऊण-एक तास पश्चिमेला. कारवारचा किंवा गोव्याचा समुद्र डोळ्यांत घेऊन गेलात तर निराशा होईल. पाणी गढूळ, भरती-ओहोटी प्रचंड, आणि किनाऱ्यापेक्षा चिमण्याच जास्त! ओएनजीसीचा वायू प्रकल्प, कृभकोचा खत कारखाना, २०१९ पर्यंत एस्सारचा असलेला पोलाद कारखाना, बंदर. पण कारखान्यांच्या वसाहतीत शिरले की झाडी लागते, आणि दारावरच्या पाट्या वाचताना सारा भारत भेटतो. अशाच एका वसाहतीत माझी अक्का राहते. भावजी धारवाडचे, घरची भाषा कन्नड. लग्नानंतर अक्का कन्नड शिकली आणि भावजी मराठी. भांडताना मात्र दोघेही आपापल्या भाषेत भांडतात.

यंदा दिवाळीच्या सुटीत गेलो तेव्हा दिवाणखान्यात एक जुना, चांगला वजनदार फिलिप्सचा सीडी प्लेअर मांडलेला दिसला. "अलंगचा," भावजी अभिमानाने म्हणाले.

हजीऱ्याच्या धक्क्यावरून नोव्हेंबर २०२० पासून घोघ्याला रो-पॅक्स बोट जाते. रस्त्याने खंभातच्या आखाताला वळसा घालायचा तर ३७० किलोमीटर, समुद्रातून ९० च्या आसपास. गाडीसकट बोटीत चढायचे आणि तीन-चार तासांत सौराष्ट्र. घोघ्याहून पुढे अलंग. १९८३ पासून जगभरची म्हातारी जहाजे तिथे तोडायला येतात. आपली 'विराट' ही २०२० साली तिथेच गेली. पोलाद भट्टीकडे जाते. उरलेल्या खुर्च्या, कपबशा, गाद्या, खलाशांच्या खोल्यांतले रेडिओ आणि टेप रस्त्याकडेच्या दुकानांत येतात. या दुकानांना तिकडे खाडा म्हणतात. तिथल्याच एका ढिगातून भावजींनी हे यंत्र उचलले. डचांच्या कंपनीचा माल पुन्हा एकदा याच समुद्रातून सुरतेला आला म्हणायचा!

जुन्या सीडी प्लेअरमध्ये लोकांना एवढे काय दिसते? सीडी हे फिलिप्स आणि सोनी यांचे संयुक्त अपत्य. पहिला प्लेअर सोनीने ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानात विकायला काढला. त्या पहिल्या काही वर्षांत खर्चाकडे फारसे न पाहता यंत्रे बनवली गेली. फिलिप्सच्या यंत्रात लेसर धरणारा हात ओतीव धातूचा, भिंग खऱ्या काचेचे. तबकडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा. फिलिप्सची सुरुवातीची चिप मात्र १४ बिटांचीच होती. ती उणीव त्यांनी चौपट वेगाने गणित करून भरून काढली. त्याचा आवाज गोड लागतो असे शौकीन सांगतात. मला विचाराल तर निम्मा गोडवा यंत्रात, निम्मा खुर्चीत. "सुम्न कुंद्री," म्हणून भावजी आपल्याला बसवतात, मोबाइल काढून घेतात आणि मगच बटण दाबतात.

ख्यालाच्या माणसाला सीडीचे खरे मोल वेगळेच. ७८ च्या तबकडीवर राग साडेतीन मिनिटांत उरकावा लागे. एलपीला विसेक मिनिटांनी बाजू उलटावी लागे, आणि विलंबित कुठे रंगात येतोय तोवर सुई कडेला. सीडीवर ७४ मिनिटे सलग मावतात. मल्लिकार्जुन मन्सूर किंवा कुमार गंधर्व ऐकताना मध्ये उठावे लागत नाही, हे सुख आपल्या धारवाड-बेळगावकडच्या घरांना मुद्दाम समजावून सांगायला नको.

आता अडचणीची गोष्ट. भावजींच्या यंत्रातला लेसर थकत चालला आहे. तसा भाग आता नव्याने कोणी बनवत नाही, आणि दुरुस्त करणारे सुरतेतले कारागीरही साठीपुढचे. म्हणून घरात नियम झाला आहे: दिवसाला एकच सीडी. मग रोज संध्याकाळी वाद. अक्काला भीमसेन जोशींचे अभंग हवेत, भावजींना त्याच भीमसेनांची पुरंदरदासांची पदे. गायक एक, यंत्र एक, आणि लेसरचे आयुष्य मोजके. भाचा म्हणतो, सगळे मोबाइलवर आहे, कशाला जपता? तो चुकीचे बोलत नाही. पण मोबाइलवर दोघे दोन खोल्यांत ऐकतात, हे मी तिथल्या पहिल्या दोन दिवसांत पाहिले होते, कारण तेव्हा यंत्र सफाईसाठी उघडलेले होते. तिसऱ्या दिवशी पाळी अक्काची होती. ऐकायला मात्र दोघे बसले, आणि दुसऱ्या अभंगाला ताल धरला तो भावजींनी.

कोणाला अलंगला जायचेच असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मागच्या पट्टीवर व्होल्टेज वाचावे. जपानी घरगुती यंत्रे १०० व्होल्टची असतात, आपल्या २३० वर थेट लावली की जळतात. आणि घरची एखादी सीडी बरोबर न्यावी. सीडी आतून बाहेर वाचली जाते, एलपीच्या उलट. थकलेले यंत्र पहिले गाणे बहुधा नीट वाजवते आणि कडेला जाऊन अडखळते. तेव्हा दुकानदाराला शेवटचे गाणे लावायला सांगावे, आणि ते पुरते संपेपर्यंत पाकिटाला हात लावू नये.