आधी प्रश्न, मग सुई

स्किझोफ्रेनियाचं निदान रक्ताच्या रिपोर्टवरून होत नाही आणि एमआरआयवरूनही होत नाही. कानात आवाज येणं, घरच्यांवरच संशय घेणं, बोलण्याची गाडी भरकटणं, आणि हे सारं किती महिने चाललं आहे, हे ऐकून आणि पाहून डॉक्टर ते करतात. पण त्या निदानाच्या व्याख्येतच एक अट आहे. ही लक्षणं नशेमुळे किंवा दुसऱ्या एखाद्या शारीरिक आजारामुळे आलेली नसावीत. या विषयात जितकं खोल शिरावं, तितकी ही अट मला महत्त्वाची वाटत गेली. ती प्रामाणिकपणे पाळायची तर काही रुग्णांच्या बाबतीत मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवापर्यंत, म्हणजे आपण ज्याला ‘पाठीतलं पाणी’ म्हणतो तिथपर्यंत जावंच लागतं. म्हणून माझं म्हणणं असं : वेडाचा पहिला झटका आलेल्या प्रत्येकाच्या बाबतीत ‘पाठीतलं पाणी तपासायला हवं का?’ हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. सुई मात्र जिथे तशा खुणा दिसतील तिथेच टोचावी.

हा आग्रह नवा नाही, त्यामागे शंभर वर्षांचा धडा आहे. जर्मन वैद्य हाइनरिश क्विंके यांनी १८९१ मध्ये कमरेतून पाणी काढण्याची पद्धत मांडली. त्या काळी युरोपातल्या वेड्यांच्या इस्पितळांत एका आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने असत. आधी ‘मी राजा आहे’ असे थोरवीचे भ्रम, मग स्मृती जाणं, शेवटी लकवा आणि मृत्यू. पाठीतल्या पाण्याच्या तपासणीने या रुग्णांची वेगळी ओळख पटू लागली आणि १९१३ मध्ये नोगुची व मूर या संशोधकांना अशा रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू सापडले. पुढे पेनिसिलिन आलं आणि जो ‘वेडेपणा’ मरणाकडे नेत असे तो औषधाने आवरता येऊ लागला. एकाच वॉर्डात, एकाच नावाखाली ठेवलेली माणसं एकाच आजाराची नव्हती.

तोच धडा २००७ मध्ये पुन्हा मिळाला. मेंदूविकारतज्ज्ञ जोसेप दालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ स्त्रियांचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यांना भ्रम, बेचैनी, विस्मरण, फिट असं सारं होतं आणि प्रत्येकीच्या शरीरात टेराटोमा नावाची गाठ होती, बहुतेकींच्या अंडाशयात. शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूतल्या एनएमडीए नावाच्या संदेशग्राहकांवर (रिसेप्टर) उलटली होती. हा आजार प्रामुख्याने तरुण मुलींना होतो आणि सुरुवातीला तो हुबेहूब मनोविकारासारखा दिसतो. पण त्याला उपाय आहे : स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन, रक्तद्रव बदलणं, गाठ असेल तर ती काढणं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत ५०१ रुग्णांपैकी ३९४ जण दोन वर्षांच्या आत चांगले सावरले. म्हणूनच तो ओळखायला लागलेला प्रत्येक आठवडा मोलाचा आहे.

‘मग रक्त तपासा की, पाठीत कशाला टोचता?’ हा पहिला आक्षेप. त्याचं उत्तर आकड्यांतच आहे. याच आजाराच्या २५० रुग्णांच्या तपासणीत पाठीतल्या पाण्यात प्रतिपिंडं सर्वांमध्ये सापडली, रक्तात मात्र २१४ जणांमध्येच. नुसत्या रक्तावर विसंबलं असतं तर ३६ जण सुटले असते. दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूचा आहे : असे रुग्ण इतके थोडे, मग एवढा खटाटोप कशासाठी? या आक्षेपात तथ्य आहे. याच आजाराच्या ५७१ रुग्णांच्या दुसऱ्या पाहणीत निव्वळ मानसिक लक्षणांचा झटका आलेले २३ होते, आणि त्यातही आजाराच्या सुरुवातीलाच तसं झालेले फक्त पाच. पण याचा अर्थ असा की बाकीच्यांच्या शरीराने कुठे ना कुठे खूण दिली होती. ती शोधणं हेच खरं काम आहे. काही दिवसांत किंवा थोड्याच आठवड्यांत बळावलेला झटका, फिट, ताप, गुंगी, तोंडाच्या किंवा हातांच्या विचित्र हालचाली, वाचा बसणं, पुतळ्यासारखं ताठून राहणं, नाडी-रक्तदाबाचे चढउतार, मनोविकाराच्या औषधाने अंग कडक होऊन प्रकृती आणखी बिघडणं : यातलं काही दिसलं तर थांबू नये. शिवाय आपल्या देशात क्षयामुळे होणारा मेंदूज्वरही अधूनमधून वागण्यातल्या बदलानेच सुरू होतो, हे विसरून चालणार नाही.

राहिली भीती. ‘पाठीत सुई घातली की माणूस कायमचा अधू होतो’ असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. वास्तवात मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो आणि सुई त्याच्या खाली घालतात. शरीरात हे पाणी साधारण दीडशे मिलिलिटर असतं, रोज पाचशेच्या आसपास नवं तयार होतं, आणि तपासणीला त्यातलं थोडंसंच लागतं. नंतर काही दिवस डोकं दुखू शकतं; बारीक, बोथट टोकाच्या सुईने तो त्रास कमी होतो. मेंदूत गाठ किंवा दाब वाढल्याची शंका असेल, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर आधी त्याचा विचार करावाच लागतो. आणि रुग्णाची संमती ही केवळ कागदावरची सही नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला समजावून घेऊन ठरवण्याचा हक्क दिला आहे; भ्रमात असलेल्या माणसालाही शांतपणे, पुन्हा पुन्हा समजावणं हे उपचारांचंच अंग आहे.

या तपासणीकडून खोटी आशाही धरू नये. पाण्यात प्रथिनं किंचित वाढली एवढ्यावरून आजाराचं कारण सापडत नाही. आणि रिपोर्ट स्वच्छ आला तर रुग्णाचा त्रास खोटा ठरत नाही किंवा गोळ्या बंद करायची परवानगी मिळत नाही. बहुतेकांचा रिपोर्ट दुसरा कुठला आजार दाखवणार नाही आणि त्यांना मनोविकाराचे उपचार नेटाने घ्यावेच लागतील. पण घरात पहिला झटका आला असेल, तर किती दिवसांत काय काय बदललं ते तारखांसह लिहून काढा, ताप-फिट-हालचाली लपवू नका, ‘बाहेरची बाधा’ म्हणून वेळ घालवू नका, आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारा : यामागे मेंदूचा दुसरा आजार नाही, हे कशावरून ठरवलं? या प्रश्नाचं उत्तर मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे.